बंद भांड्याचं नाक

१

सोमवारी संग्रहालय लोकांना बंद असतं, म्हणून आमची खरी कामं सोमवारी. मातीच्या भांड्यांचं दालन पहिल्या मजल्यावर आहे, लांबट, उत्तरेच्या खिडक्यांतून उजेड येणारं. सकाळी नऊला मी एप्रन चढवते, मऊ कुंचले, टॉर्च, भिंग आणि चाव्यांचा जुडगा घेते आणि पहिल्या काचपेटीपासून सुरुवात करते. धूळ झटकायची, जुने सांधे तपासायचे, पेटीतल्या मीटरवर ओल किती दिसते ते वहीत लिहायचं आणि तळाशी ठेवलेल्या पिशवीतले मणी बघायचे. हे मणी हवेतली ओल पितात. कोरडे असले की निळे, पोट भरलं की गुलाबी. तीन महिन्यांनी एकदा बदलले तरी पुरतं.

फुटकी भांडी सांधण्यात माझी तीस वर्षं गेली. या कामात उत्साही माणूस मला चालत नाही. भांडं आठशे वर्षं धडधाकट राहिलेलं असतं आणि कुणीतरी उत्साही येऊन त्याचा कान मोडतो.

त्या वर्षी दालनात जुन्या-नव्या मातीचं एकत्र प्रदर्शन होतं. प्रत्येक पेटीत एक जुनं भांडं आणि शेजारी आजच्या एखाद्या कलावंताचं. सात नंबरची पेटी दालनाच्या मधोमध, चारही बाजूंनी काच असलेली. तिच्यात दुसऱ्या संग्रहालयाकडून उसना आणलेला आठशे वर्षांपूर्वीचा तेलाचा बुधला होता आणि त्याच्या शेजारी माझ्या मुलीचं एक भांडं.

मुलगी जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. भांड्याची निवड विभागप्रमुखांनी केली आणि मला पत्रानं कळवली. त्यांची खोली माझ्या खोलीपासून वीस पावलांवर आहे, पण काही गोष्टी तोंडावर सांगायचा त्यांना धीर होत नाही. मी सही करून पत्र परत पाठवलं आणि भांडं घरून स्वतः मांडीवर घेऊन आले.

प्रदर्शन गुरुवारी उघडलं. नंतरच्या सोमवारी मी सात नंबरची पेटी उघडली तर तळाचे मणी गुलाबी झाले होते. बाकी अकरा पेट्यांतले निळेच होते. पिशवी खराब निघाली असेल म्हणून मी नवी ठेवली आणि वहीत तसं लिहून टाकलं.

२

मुलीचं घरातलं नाव ढब्बू. जन्मली तेव्हा गोल गरगरीत होती, पुढे अंगानं काडी झाली तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. शाळेला सुट्टी असली की मी तिला कामावर घेऊन यायचे. ती माझ्या टेबलाखाली बसून खापऱ्या जुळवायची. मातीचं वेड तिला माझ्यामुळे लागलं, हे मी कोणाला सांगत बसत नाही, पण विसरतही नाही.

भांडी करणाऱ्यांत एक खोड असते. भांडं वाळलं की ते ओल्या स्पंजनं पुसून साफ करायचं असतं. कोरडं घासलं तर अंग जास्त गुळगुळीत होतं, पण बारीक धूळ उडते आणि ती छातीत जाऊन बसते. सगळ्यांना हे माहीत असतं आणि बरेच जण खिडकी लावून कोरडंच घासतात. ढब्बूला त्या गुळगुळीतपणाची चटक होती. मी शंभरदा ओरडले असेन. "अगं, मास्क तरी लाव." "लावते गं आई," म्हणायची, आणि मास्क खुंटीला. डॉक्टरांनी त्या धुळीचं नाव सांगितलं, सिलिका. माझ्या निळ्या मण्यांच्या पाकिटावरही तेच नाव छापलेलं असतं. मी तिथल्या तिथे डॉक्टरांना ते सांगितलं, वेड्यासारखं.

शेवटच्या वर्षात तिला मोठी माती पेलेना. मग तिनं बंद भांडी करायला घेतली, खरबुजाएवढी. चाकावर भिंती वर ओढत न्यायच्या आणि तोंड आवळत आवळत शेवटी मिटूनच टाकायचं. आत हवा कोंडली जाते, म्हणून अशा भांड्याला कुठेतरी भोक ठेवावंच लागतं, नाहीतर भट्टीत फुटतं. इतर लोक तळाशी सुईनं टोचतात. ढब्बू मागच्या अंगाला, खालच्या बाजूला, करंगळी घालून भोक पाडायची.

"हे काय, एवढं मोठं?" मी एकदा विचारलं.

"नाक नको का तिला?"

"भांड्याला कसलं नाक?"

"असतं. तुझ्यासारखं नकटं असतं." आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. मी पाणी आणायला आत पळाले.

माझा नवरा पोहण्याचा प्रशिक्षक होता. गावातल्या दोन पिढ्या त्यांच्या शिट्टीवर पाण्यात उतरल्या. सगळे त्यांना सर म्हणतात. मीही म्हणते, आधी चेष्टेनं म्हणायचे, आता सवयीनं. प्रदर्शन उघडल्यापासून सर रोज दुपारी दोनला संग्रहालयात यायचे आणि पाचपर्यंत सात नंबरच्या पेटीमागच्या बाकावर बसायचे. समोरून भांडं छान दिसतं, दिवेही तिकडूनच आहेत. मागून दिसतं ते फक्त भोक. मला वाटलं, लोकांनी बघू नये म्हणून हे मागे बसतात. माणसाला रडायला आडोसा लागतो.

३

दालनावर पहारा करणारी बाई पूर्वी पोलिसात होती. आम्ही सगळे तिला हवालदार म्हणतो आणि तिला ते आवडतं. गुरुवारी सकाळी दारं उघडायच्या आधी तिनं मला खालून बोलावून आणलं.

"ताई, सात नंबरची काच पुसायची राहिलीय का तुमची?"

"मी सोमवारी पुसलीय."

"बाहेरून मी रोज पुसते. हे आतून आहे."

मागच्या काचेवर, भोकाच्या उंचीला, आतल्या बाजूनं वाफेचा डाग होता. जुन्या नाण्याएवढा. मी टॉर्च लावला तेवढ्यात तो कडेनं आक्रसत गेला आणि काच लख्ख झाली. मी मीटर बघितला. ओल चढली होती, मण्यांची दुसरी पिशवीही गुलाबी.

मी काही कालची पोर नाही. कारणं माझ्याकडे पाच मिनिटांत तयार होती. कमी आचेवर भाजलेलं भांडं पाणी पितं. ढब्बूची शेवटची भट्टी मीच लावली होती, तिनं खुर्चीत बसून सांगितलं तसं, आणि माझ्याकडून आच कमी पडली असणार. भांडं चौदा महिने आमच्या घरी खिडकीजवळ होतं. तिथली ओल पोटात साठली, आता दिव्यांच्या उष्णतेनं भोकातून बाहेर पडतेय. भोकासमोरची काच थंड, म्हणून तिच्यावर डाग. झालं.

"असंच असणार," हवालदार म्हणाली. तिचा माझ्या शब्दावर विश्वास होता. मग जराशानं म्हणाली, "तरी सर काय मोजतात, ते विचारलं पाहिजे त्यांना."

"मोजतात?"

"घड्याळ हातात धरून बसतात ना. तो डाग बघतात आणि ओठातल्या ओठात मोजतात. मला वाटलं तुम्हीच सांगितलंय."

४

संध्याकाळी जेवताना मी विषय काढला नाही. सरांनीच काढला.

"आज बावीस," ते म्हणाले.

"काय बावीस?"

"पहिल्या दिवशी चौतीस होते. मग तीस. काल चोवीस." त्यांनी घास खाली ठेवला. "सुधारतेय गं ती."

आकडे मला ओळखीचे होते. दवाखान्यात सर तिच्या उशाशी बसून मिनिटाचे श्वास मोजायचे, दर तासाला, आणि नर्सच्या आधी तक्त्यावर आकडा लिहून मोकळे व्हायचे. डॉक्टर म्हणाले होते, सोळावर आली की घरी न्या. सरांनी तेवढं एक वाक्य धरून ठेवलं. ती अठ्ठावीसवर आली त्या दिवशी त्यांनी घरी येऊन तिच्या खोलीतला पंखा पुसला होता. मग आकडा पुन्हा चढत गेला. शेवटच्या आठवड्यात श्वास संपता संपता एक बारीक शीळ वाजायची, आणि ती ऐकू येऊ नये म्हणून मी खोलीत काही ना काही बडबडत राहायचे.

"अहो," मी म्हटलं, "ते मडकं आहे. त्यात ओल आहे."

"असेल."

"असेल काय? आहे. मी वहीत लिहिलंय."

"तू लिही की," सर म्हणाले. "तुझं कामच आहे ते. मी नुसता मोजतोय. पोरीला ती चार वर्षांची असताना मी पाण्यात घातलं. तिचा श्वास मी हजारात ओळखीन." मग खूप हळू म्हणाले, "सोळा झाले की आणू तिला घरी."

मी त्यांना नाही नाही ते बोलले. लोक हसतील म्हटलं, डॉक्टरांकडे चला म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझं ताट उचलून धुवायला नेलं. गेल्या वर्षभरात मी त्यांना इतकं शांत बघितलं नव्हतं. माझा राग खरं तर त्याच गोष्टीचा होता. माझ्या वाट्याला असलं काही आलं नव्हतं.

५

शनिवारी मी आठलाच दालनात गेले. बाकावर बसले आणि हातातलं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. कोणी बघत नाही ना, हे दोनदा वळून पाहिलं. स्वतःच्या नोकरीच्या जागी मी चोरासारखी बसले होते.

डाग यायचा, कडेनं विरायचा, पुरता जायच्या आत पुन्हा यायचा. एका मिनिटात वीस. दुसऱ्यांदा मोजले, वीसच.

वातानुकूलनाचा झोत असेल म्हणावं, तर ते यंत्र अकरा मिनिटांनी एकदा चालू होतं. रस्त्यावरून जड गाड्या जातात म्हणावं, तर शनिवारी सकाळी रस्ता मोकळा होता. मी उठून दुसऱ्या बाजूनं आले आणि समोरून भांडं पाहिलं. राखी रंगाचं, गुळगुळीत, त्या घातक हातांनी घासलेलं. त्याच्यात काहीही हलत नव्हतं. पण मघाशी मोजता मोजता मीही त्याच चालीवर श्वास घ्यायला लागले होते, आणि ते मला आता कळलं.

तेवढ्यात माझं लक्ष बुधल्याकडे गेलं. त्याच्या पोटावर पांढरी लव उगवली होती. जुन्या मातीत मीठ असतं. हवेत ओल वाढली की ते बाहेर येतं, आणि येताना वरचा थर सोलून काढतं. भिंगाखाली दोन ठिकाणी पापुद्रा सुटलेला दिसला. आठशे वर्षांचं भांडं, दुसऱ्यांच्या मालकीचं, आणि जबाबदारीच्या कागदावर माझी सही.

मी कळवल्यावर विभागप्रमुख धावत आले. माणूस वाईट नाही. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, वाक्यावाक्यात 'संदर्भ' म्हणतो, पण भांड्याला हात लावण्याआधी अंगठी काढतो.

"मॅडम, मला बोलायला जड जातंय," ते म्हणाले. "पण ओल तुमच्या मुलीच्या भांड्यातून येतेय, हे तुमच्याच वहीत आहे. ते आपण गोदामात हलवू. नीट खोक्यात, कापूस घालून."

मी गोदाम डोळ्यांसमोर आणलं. तळघर, लोखंडी फडताळं, खोक्यांवर नंबर. आणि दुपारी दोनला रिकाम्या पेटीसमोर बसलेले सर.

"नका हलवू," मी म्हटलं. "ओल भोकातून येतेय. सोमवारी मी भोक बुजवते. भांडं आहे तिथेच राहू द्या."

"चालेल ना पण तुम्हाला?"

"माझं कामच आहे ते," मी म्हटलं.

त्या दिवशी संध्याकाळी सर घरी आले ते दारातूनच बोट वर करून. "एकोणीस."

मी त्यांना भोकाचं काही बोलले नाही. आजही कोणी विचारलं तर मी सांगेन की डोक्याला ताप नको म्हणून बोलले नाही. खरं म्हणजे त्यांनी मला अडवलं असतं, आणि अडवलं असतं तर मला कबूल करावं लागलं असतं की शनिवारी मीही मोजले होते.

६

सोमवारी अकराला मी पेटी उघडली. बुधला आधीच बाजूला काढून नेला होता, त्याचं मीठ नंतर बघायचं होतं. दालनात मी एकटी. वातानुकूलन दुरुस्तीसाठी बंद केलेलं, त्यामुळे नेहमीची घरघर नव्हती. खाली आवारात कोणीतरी शिडी सरकवत होतं, तेही थांबलं.

तेव्हा मला ते ऐकू आलं. कान देऊन ऐकावं इतकं बारीक. हवा आत जाताना काहीच आवाज नाही. बाहेर येताना मऊ, लांबट, आणि संपता संपता शीळ.

मी सरळ बडबडायला लागले. "प्लास्टर जरा घट्टच कालवू या," मी मोठ्यानं म्हटलं. "पाणी जास्त झालं तर आत ओघळेल. हं. आता चमचा कुठे ठेवला?" अशी मी कधी कामात बोलत नाही. रिकाम्या दालनात माझाच आवाज मला परत येत होता आणि मी बोलायचं थांबवत नव्हते.

मला माहीत होतं, असं म्हणणार नाही. पण माहीत नव्हतं, असंही मला म्हणता येत नाही.

भोकाच्या आत पातळ कागदाची चकती बसवली, तिच्यावर प्लास्टरचा गोळा, आणि चपट्या सुरीनं वरून सारखा केला. सुबक बसला. रंग पुढच्या सोमवारी द्यायचा होता. सुरी धुवायला मी कोपऱ्यातल्या नळावर गेले, पाचेक मिनिटं लागली असतील. परत आले तर प्लास्टर मधोमध फुगलं होतं, गव्हाच्या दाण्याएवढं.

प्लास्टर जमताना किंचित फुगतं. हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं. मी अंगठ्यानं ते आत दाबलं.

कुंचले पुसले, टेबल आवरलं, पुन्हा बघितलं. पुन्हा फुगलेलं. या वेळी मी अंगठा जरा वेळ दाबूनच धरला. अंगठ्याखाली थोडं चाळवल्यासारखं झालं, मग ऊन ऊन लागलं. प्लास्टर घट्ट होताना तापतं, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. ते निवेपर्यंत मी तशीच उभी राहिले आणि बडबडत राहिले. मग हात काढला. आता ते सपाट होतं.

दालनात कसलाच आवाज नव्हता.

७

मंगळवारी मीटरवरची रेघ सरळ होती. मणी निळे. विभागप्रमुखांनी माझ्या खोलीपर्यंत येऊन आभार मानले आणि बुधला बुधवारी परत पेटीत ठेवायचं ठरलं.

सर दोनला आले आणि पाचला गेले. मी दालनात फिरकले नाही. घरी गेले तेव्हा ते कपडे न बदलता पलंगाच्या कडेवर बसले होते. घड्याळ हातातच होतं.

"आज दिसलं नाही," ते म्हणाले.

"काही नाही?"

"तीन तास बसलो. एकदाही नाही." माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "काल सोमवार होता. तू उघडली होतीस ना पेटी?"

"पुसायला," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. दोघांपैकी कोणीच जेवलं नाही. मी अन्न झाकून ठेवलं.

बुधवारी सकाळी सातला मी दालनात होते. मनाशी ठरवलं होतं, भोक मोकळं करायचं आणि विभागप्रमुखांना काय सांगायचं ते नंतर बघायचं. कापूस पाण्यात भिजवून प्लास्टरवर धरला, कडेनं सुई फिरवली. बूच अख्खं सुटून माझ्या तळहातावर आलं.

मी आधी भोकाला कान लावला. मग माझा चष्मा काढून त्याची काच भोकासमोर धरली. कोरडी राहिली. मिनिटभर धरली, पाच मिनिटं धरली. मग मी काय केलं ते सांगायला मला लाज वाटते. भोकाला तोंड लावलं आणि फुंकर घातली. हळू, मग जोरात, मग पुन्हा पुन्हा, डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत. मातीची चव आली. माझीच हवा परत माझ्या तोंडावर आली, थंड होऊन. "ढब्बू," मी म्हटलं. "बाळा, उघडलंय बघ. मी उघडलंय."

खिडकीपाशी उजेडात जाऊन मी ते बूच भिंगाखाली धरलं. बाहेरच्या बाजूवर माझ्या अंगठ्याचा ठसा होता, रुंद, रेघारेघांसकट. मी ते उलटं केलं. कागदाची चकती तिथे नव्हती. मधोमध फाटून तिच्या चिंध्या कडेला गेल्या होत्या.

आतल्या प्लास्टरमध्ये एक खळगा होता. करंगळीच्या पेराएवढा. त्यातही रेघा होत्या, बारीक, गोल फिरत गेलेल्या. एकावर एक उठलेल्या, त्यामुळे किती वेळा ते मोजता येत नव्हतं. सगळ्यात शेवटची सगळ्यात खोल होती, माझ्या अंगठ्याच्या बरोब्बर समोर. दोन्हींच्या मधे तांदळाच्या दाण्याएवढं प्लास्टर उरलं होतं.

प्लास्टर वीस मिनिटांत जमतं. त्यानंतर त्यात कसलाही ठसा उठत नाही. म्हणजे हे त्या वीस मिनिटांतलं होतं, मी नळावर सुरी धूत होते आणि मग भांड्यापाशी उभी राहून मोठमोठ्यानं बोलत होते तेव्हाचं.

८

सर नेहमीप्रमाणे दोनला आले. पेटी पुन्हा बंद केली होती, भोक मोकळं होतं, काच स्वच्छ होती. हवालदारनं त्यांना बघून आपल्या टेबलपंख्याचं तोंड त्यांच्याकडे वळवलं आणि लांब जाऊन उभी राहिली. मी एप्रनसकट बाकावर त्यांच्या शेजारी जाऊन बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

ते घड्याळ हातात धरून काचेकडे बघत होते. शाळेतल्या मुलींचा एक घोळका आला, बुधल्यासमोर खिदळला आणि पुढे गेला. मी एप्रनच्या खिशात हात घातला होता. बूच माझ्या मुठीत होतं.

अर्ध्या तासानं सरांनी घड्याळ खिशात टाकलं. माझा दुसरा हात आपल्या हातात घेतला. नखांच्या कडांना पांढरं राहिलं होतं. मी धुतलं होतं, पण ते लवकर जात नाही. त्यांनी ते बघितलं, मग वर भोकाकडे बघितलं, त्याच्या काठाला लागलेल्या पांढऱ्या कणांकडे. हा माणूस चाळीस वर्षं पाण्याच्या काठावर उभा राहून कोण दमलंय ते ओळखत आला होता.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"सोमवारी. अकराला."

मी म्हटलं, "गोदामात टाकणार होते तिला. तुम्हाला बसायला जागा राहिली नसती. मला वाटलं, निदान इथे राहील."

"हो," ते म्हणाले. "तू चांगल्यासाठीच केलंस."

त्यांनी रुमाल काढला, टोक ओठाला लावून ओलं केलं आणि माझं एकेक नख पुसायला लागले. पाचही बोटं झाली. मग रुमालाची घडी करता करता थांबले.

"तिला कळलं असेल का गं?"

माझ्या खिशातल्या मुठीत तो खळगा माझ्या करंगळीच्या टोकाशी आला होता. माझी करंगळी त्यात बरोबर बसत होती.

"नाही," मी म्हटलं. "झोपेत होती. झोपेतच गेली."

चौदा महिन्यांपूर्वी नर्सनं आम्हाला हेच वाक्य सांगितलं होतं, अगदी याच आवाजात, आणि मी त्या वाक्यावर आजपर्यंत जगले होते.

सरांनी मान हलवली. "मग बरं," ते म्हणाले.